घोटभर पाणी

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी नांदेडहून बदली झाली. मी गोदावरीचं पाणी प्यालेली, आणि इथं आठवड्यातून एकदा नळ. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख रुद्राणीबाई. इतकी वर्षं नोकरी करून आलेल्या मला त्या सुई कशी उकळायची ते शिकवायच्या, आणि मला कुणी शिकवलेलं मुळीच खपत नाही.

एक काम मात्र त्या स्वतः करत नसत. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला डॉक्टर सांगेपर्यंत पाणी द्यायचं नसतं, जीव जाऊ शकतो. पेशंट मागतच राहतो. त्याला नाही म्हणायचं काम त्या नेहमी माझ्या गळ्यात टाकायच्या आणि चादरींच्या खोलीत निघून जायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! एकदा मी हे त्यांना तोंडावर ऐकवलं.

त्या चिडल्या नाहीत. कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाल्या, "उदगीरला असताना दानम्मा नावाची म्हातारी होती. दिवसभर 'बाई, घोटभर' म्हणून राहिली. मी न्हाई दिलं. नियमच हाय. अन् ती तशीच कोरडी गेली. डॉक्टर म्हणले, सिस्टर, तुमचं काही चुकलं न्हाई."

"मग?"

"मग काय? चुकलं असतं तर माफी मागितली असती. आता काय मागू?"

आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात वैरीसुद्धा पाणी घालतो, आणि आम्ही तर नर्स. दानम्मा वारली उदगीरला, तरी त्या दिवसापासून मलाही इथल्या त्या कोपऱ्यात जायला नको वाटू लागलं.

भर उन्हाळ्यात पार्वतम्मा आली. विशीची पोर, आतड्याला भोक पडलेलं. ऑपरेशन झालं, आणि खाट रिकामी तेवढी कोपऱ्यातलीच. दुपारपर्यंत तिचे ओठ तडकले. "पाणी" एवढाच शब्द तिला उरला होता. मी ओल्या बोळ्यानं तिचे ओठ पुसत होते. तिची आई लक्ष्मम्मा पदराखाली तांब्या लपवून बसली होती, आणि तिला मी नजरेनं दटावत होते. शेवटी तिनं माझा नाद सोडला आणि दारातून जाणाऱ्या रुद्राणीबाईंचे पाय धरले.

"बाई, तुमी आपल्यातल्या. लेक कोरडी गेली तर मी काय करू? घोटभर द्या हो माय."

रुद्राणीबाईंनी तांब्या काढून घेतला. मला हायसं वाटलं. पण त्या खाटेजवळ आल्या आणि त्यांनी फुलपात्र भरलं. त्यांची नजर पोरीवर नव्हतीच.

"देते," त्या हळूच म्हणाल्या. "देते, दानम्मा."

फुलपात्र पोरीच्या ओठांपाशी पोचलं होतं, आणि पोरीनं तोंड उघडलं होतं.

"केवळा," माझं नाव घेऊन बाई पुटपुटल्या, "माझा हात धर."

मी मनगट गच्च धरलं. खोटं सांगत नाही, तो हात माझ्याशी झोंबत होता, आणि बाईच म्हणत होत्या, "सोडू नको." पाणी चादरीवर सांडलं. लक्ष्मम्मानं आम्हा दोघींना शिव्याशाप दिले. बाई त्या दुपारी पहिल्यांदाच खोलीत पळून गेल्या नाहीत. उजवं मनगट माझ्या हातात देऊन डाव्या हातानं पोरीचे ओठ ओले करत बसल्या.

डॉक्टरांनी पाण्याला परवानगी दिली त्या सकाळी लक्ष्मम्मानं लेकीला चमच्यानं पाणी पाजलं. पोरीनं डोळे मिटून ते गिळलं आणि ती झोपी गेली. मी धावत व्हरांड्यात गेले. बाई टँकरपुढच्या घागरी बघत उभ्या होत्या.

"प्याली," मी म्हणाले. "ताप नाही, पोट मऊ आहे. वाचली पोर."

त्या हसल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी वॉर्डाकडे कान दिला.

"मग आत अजून कोण मागून राहिलंय?"

आत कुणीच बोलत नव्हतं. हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. त्यांनी म्हणायच्या आधीच मी त्यांचा हात धरला.