रामीबाईचा समुद्र

अमरसिंगनं फुंकणी घेऊन निखारे पुन्हा फुलवले. एक ठिणगी उडून त्याच्या मनगटावर पडली. त्यानं ती झटकली नाही, नुसती पाहिली. ती आपोआप विझली.

दारासमोरची जागा सुनेनं सकाळीच सारवली होती. ताटात लापशी होती, वाटीत तूप. दिवाळीत एके सकाळी तांड्यातल्या घरोघरी धबुकार करतात. घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला लापशीचा घास निखाऱ्यावर सोडायचा, वर तूप.

त्याची बायको रामीबाई आखाड महिन्यात वारली होती. तिचं नाव या वर्षी पहिल्यांदाच येणार होतं. ते अमरसिंगला घ्यायचं नव्हतं. रडू येईल म्हणून नाही. रडू त्याला तेव्हापासून एकदाही आलं नव्हतं. नाव घेतलं की ती मेलेल्यांत जाऊन बसेल, एवढंच त्याला वाटत होतं.

"बा, घ्या ना आता," इंद्रजीत म्हणाला. हा त्याचा मुलगा. "दुसऱ्यांदा राख धरून राह्यली."

"घेतो."

"शेजारच्यायचं होऊन ते जेवाले बी बसले. तुमच्यानं होत नसन त मी घेतो."

"तू कायले घेतं? मी हाव ना अजून."

अमरसिंगनं पहिला घास उचलला.

"प्रेमसिंग," तो म्हणाला. ते त्याच्या बापाचं नाव. घास निखाऱ्यावर पडला. इंद्रजीतनं वरून तूप सोडलं, धूर निघाला.

"सुखीबाई." ती आई.

पायरीवर बसलेली सोनू आजोबाजवळ सरकली. सोनू इंद्रजीतची मुलगी, तिसरीत शिकणारी.

"दादा, हे त समुद्रातले हायेत."

"कोण?"

"प्रेमसिंग, सुखीबाई. दादीच्या समुद्रातले."

रामीबाई नातीला झोपवताना एका समुद्रकाठच्या मुलखाची गोष्ट सांगायची. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुसदकडचं धरण. ती सांगत असताना अमरसिंग बाहेर बाजेवर पडलेला असायचा. आतून तिचा आवाज येई, शब्द कळत नसत.

"काय करतात ते तथी?" त्यानं विचारलं.

"प्रेमसिंग बैल घेऊन समुद्रात जाते. पार आत. नुसते शिंगं दिसतात. बैल बाहेर आले का त्यायच्या अंगावर मीठ वाळते. मंग सुखीबाई ते झाडून सुपात घेते न पाखडते."

इंद्रजीतला हसू आलं. "समुद्रात बैल?"

"त मंग मीठ कोण आणन?" सोनू म्हणाली.

"आन पाणी?" अमरसिंगनं विचारलं.

"पाणी पाळीनं येते, कॅनॉलवानी. पाळी नसली का समुद्र कोरडा. मंग लोक त्याच्यात हरभरा पेरतात." सोनूनं हातानं ओळी ओढून दाखवल्या. "आन झुमकी डोंग्यातच बसून राह्यते. तिले उतरता येत नाही, लय लहान हाय. दादी म्हणे, आपली पाळी आली का मी जाईन न तिले उतरून घेईन."

अमरसिंगचा हात ताटावरच राहिला.

"झुमकी कोण, बा?" इंद्रजीतनं विचारलं.

झुमकी इंद्रजीतच्या आधीची. पाळण्यात असतानाच तापानं गेली. एवढ्याशा लेकराचं काय नाव घ्यायचं, म्हणून प्रेमसिंगनं तेव्हा तिचा घास सोडू दिला नव्हता. मग ते राहूनच गेलं. रामीबाईनं त्यानंतर घरात ते नाव काढलं नाही. अमरसिंगला वाटलं होतं, ती विसरली.

"तुही बहीण," तो म्हणाला.

इंद्रजीतनं तुपाची वाटी खाली ठेवली. निखाऱ्यांवर पुन्हा राख धरू लागली.

"मी काय करतो तथी?" अमरसिंगनं सोनूला विचारलं.

"तुम्ही नाही हाय तथी."

"काहून?"

"मी बी इचारलं होतं दादीले. दादी म्हणे, त्यायले कायले नेतं तिकडं? ते त घरी हायेत."

अमरसिंगनं मान हलवली. फुंकणी उचलून त्यानं निखारे लाल केले.

"झुमकी," तो म्हणाला आणि घास सोडला. इंद्रजीतला वाटी उचलायला थोडा उशीर झाला.

पुढचा घास त्यानं मोठा घेतला. बायकोला तो जन्मभर 'अगं' म्हणत आला होता, आणि दुसऱ्यांजवळ 'इंद्रजीतची याडी', म्हणजे आई. तिचं नाव त्यानं कोणासमोर कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे ते तोंडात नीट बसेना.

"रामीबाई."

तूप पडलं. निखारे चरचरले आणि धूर सरळ वर गेला. सोनू धुराकडे पाहत होती, इंद्रजीत खाली. अमरसिंगनं ताटातून आणखी एक घास उचलला आणि निखाऱ्यांवर धरला. आच लागत होती, पण हात तसाच राहिला.

"आता कोण राह्यलं, बा?"

अमरसिंगनं घासाकडे पाहिलं. मग हात मागे घेऊन तो घास त्यानं स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"गूळ कमी हाय," तो म्हणाला.

सून उंबऱ्यात उभी होती. ती गूळ आणायला आत वळली.