चार सेकंद

बोललेलं लिहून देणारं एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बदलता येईल असं, सॉफ्टवेअर आहे. पायथन या संगणकीय भाषेत असल्यामुळे ते अण्णांच्या जुन्या लॅपटॉपवर रखडायचं, म्हणून मी ते रस्ट या वेगवान भाषेत नव्यानं लिहायला घेतलं. अण्णा म्हणजे माझे वडील. पक्षाघातानंतर त्यांना हातानं लिहिता येत नाही, आणि बोलतानाही शब्द सापडायला वेळ लागतो.

मूळ कोडमध्ये एक ओळ होती: आवाज थांबला की चार सेकंद वाट पाहा, मगच वाक्य संपलं असं समजा. माझं डोकंच फिरलं. चार सेकंद! कुणा आळशानं लिहिलंय हे? मी ती ओळ उडवली.

रविवारी बंगळूरमधल्या जे. पी. नगरच्या घरी अण्णांपुढे लॅपटॉप ठेवला. "संहिता..." अशी मला हाक मारून ते पुढचा शब्द शोधू लागले. यंत्रानं तेवढंच लिहिलं आणि ऐकणं बंद केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"चहा हवाय का?" मी मध्येच विचारलं. "की औषध?"

अण्णांनी हात हलवला आणि कन्नडमधलं नेहमीचं 'बरं' म्हणाले. "सरी, राहू दे."

हल्ली ते सगळ्यांना हेच म्हणतात. मला वाटायचं, त्यांना फारसं बोलायचंच नसतं.

मी ती ओळ परत घातली आणि या वेळी स्वतःही गप्प बसले.

"संहिता..." एक, दोन, तीन. "तू... जेवलीस का?"

त्या ओळीशेजारी मी टीप लिहिली: हे काढू नका. अण्णा अजून बोलताहेत.