दहातल्या चौघी

मनवेलपाड्याच्या राममंदिरात रामजन्माचं कीर्तन आत्मारामबुवांचंच, हे ठरलेलं. एरवी बुवा मुंबईला कचेरीत नोकरी करत. पण खांद्यावर उपरणं आणि हातात चिपळ्या आल्या की माणूस निराळाच. आदल्या वर्षी रंगात येऊन त्यांनी जन्म लांबवला होता. मंडळातले फिरकी घेत, "बुवा, यंदा रामरायाला बाराला येऊ द्या हो. सुंठवडा ताटकळतो."

ते दोन हजार सहा साल. आख्यान पुत्रकामेष्टीचं, आणि त्याला बुवा आजच्या काळातला एक दृष्टान्त जोडणार होते. त्यांच्या पत्नीवर, विनयावर, एव्हरशाईन सिटीतल्या एका दवाखान्यात मुलासाठी उपचार झाले होते. वय चाळिशीकडे झुकलेलं, स्त्रीबीजं मोजकीच. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, पेढे आणायचं बोलणंही झालं. पण पुढे बाळाचा ठोका लागलाच नाही. घराबाहेर कुणाला हे कळू दिलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी धीर दिला, की अशा कठीण केसेसमध्येही आपल्याकडे दहातल्या चौघींना यश येतं, परिषदेत तसा निबंध वाचलाय. बुवांना वाटलं, आपण उरलेल्या सहांत. असो, रामाची इच्छा. पण दुसऱ्या कुणाचा पाळणा तरी हलू दे. म्हणून दवाखान्याचं नाव कीर्तनाच्या गादीवरून सांगायचं त्यांनी पक्कं केलं. शेजारच्या क्षितिजाच्या कानावर ते गेलं होतं; ती तेवढ्याचीच वाट बघत होती. तिचंही दुखणं तेच. सासूने सांगून ठेवलं होतं, बुवा म्हणतील तर जा.

उत्सवाचं आमंत्रण द्यायला आदल्या संध्याकाळी विनया दवाखान्यात गेली. मोठे डॉक्टर नव्हते. त्यांच्या हाताखालची क्लेमेंटीन होती. वसईतल्या वाडीवरची मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली. बुवा कीर्तनात काय सांगणार हे ऐकून तिचा चेहरा उतरला. दार लोटून घेत ती म्हणाली, "ताई, ज्यांचे उपचार मध्येच थांबवावे लागले, त्यांना त्या दहांत धरलेलंच नाही. आणि यश म्हणजे नुसती रक्ताची तपासणी. बाळ घरी गेलं का, ते कुणी विचारत नाही. मी सरांना म्हटलं होतं. ते म्हणाले, सगळे असंच लिहितात."

विनयाला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. मग तिने विचारलं, "म्हणजे मी?"

क्लेमेंटीनने मान खाली घातली. "तुम्ही चौघींत आहात."

जन्माच्या तयारीसाठी बुवा त्या रात्री देवळातच राहिले. कीर्तनाच्या दिवशी उठल्यापासून गादीवर चढेपर्यंत ते मौन पाळत; कुणाचं ऐकूनही घेत नसत. सकाळी विनया गाठायला गेली, तर त्यांनी हसून ओठांवर बोट ठेवलं. त्यांचं मौन तिने कधी मोडलं नव्हतं. आजही मोडवेना.

पूर्वरंग छान रंगला. मग रिवाजाप्रमाणे नामाचा गजर सुरू झाला. या मधल्या वेळात बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. बुक्क्याचा मान घरच्या माणसाचा. विनया पुढे झाली. समोर बायकांत क्षितिजा सासूशेजारी बसली होती. कपाळाला बोट लावताना विनया वाकली आणि गजराच्या आडून म्हणाली, "अहो, त्या यश आलेल्या चौघींतली एक मी आहे. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, तिथेच दवाखान्याने मोजणं थांबवलं."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. गजर संपला. पेटीने सूर धरला, तबल्याचा ठेका फिरून फिरून समेवर येत राहिला, बुवा उभेच. मग खाकरून त्यांनी दशरथाचा यज्ञ उरकला, पायसदान उरकलं, आणि दवाखान्याचं नावसुद्धा न काढता ठीक बाराला जन्म केला. मंडळी खूश.

विनयाला आधी हायसं वाटलं. पाळण्याची दोरी तिच्या हातात होती; एकेक बाई पुढे येऊन झोका देत होती. क्षितिजाची पाळी आली. झोका देता देता तिने हळूच विचारलं, "वहिनी, बुवा काहीच बोलले नाहीत. विसरले असतील. म्हणजे त्या दवाखान्यात जायला हरकत नाही ना?"

विनयाचा हात थांबला. मागून बायका पुढे सरकत होत्या, सासू ऐकण्याच्या अंतरावर होती. तिने बुवांकडे पाहिलं. ते हार उतरवून खाली बघत बसले होते.

"जा," विनया म्हणाली, सासूला ऐकू जाईल अशा आवाजात. "पण किती जणी आल्या आणि किती जणींनी बाळ घरी नेलं, हे आधी विचार. ते 'दहातल्या चौघी' म्हणाले, तर त्यांतून मला वजा कर. मला दिवस राहिले होते. टिकलं नाही."

मागची रांग थबकली. क्षितिजाने दोरी सोडली नाही. दोघींच्या हातात ती तशीच राहिली, आणि पाळणा जागच्या जागी हलत राहिला.