समुद्रात ढकललेले नऊ बैल

धुळ्याच्या गुरांच्या बाजारात कौतिकचा शब्द चाले. बैलाच्या दातांना हात न लावता, नुसती चाल बघून तो वय सांगे आणि ते चुकत नसे. म्हणून गिरधर शेठने चोवीस निमाडी बैल आफ्रिकेत मोंबासाला पाठवायचे ठरवले, तेव्हा गलबतावर त्यांच्याबरोबर कोण जाणार, हे कुणी विचारलेसुद्धा नाही. तापीच्या पुरापेक्षा मोठे पाणी कौतिकने पाहिले नव्हते. धुरपदाबाईने नवऱ्याला परोपरीने सांगून पाहिले. बैल जातात तिथे मी का भिऊ, एवढेच तो म्हणाला. ही एकोणीसशे पंचवीस सालची गोष्ट.

मोंबासाला दहाच बैल उतरले. चौदा वाटेत गेले. गलबताचा मालक म्हणाला, वादळात लाटांनी ओढून नेले, त्याला कोण काय करणार; शिवाय या खानदेशी गड्याने जनावरे नीट बांधलीच नव्हती. त्या दुसऱ्या वाक्याने कौतिकची झोप उडाली. बैल गेल्याचे दुःख होतेच, पण आपल्या हातची गाठ सुटली, असे जगात कुणी म्हणावे?

शेठने मुंबईला दावा लावला. धुळे तिथून लांब, म्हणून साक्ष धुळ्याच्याच कोर्टात घ्यायला मुंबईच्या कोर्टाने नेमलेला एक वकील आला. आदल्या दिवशी शेठच्या वकिलाने कौतिकला बजावले, चौदाही बैल खलाशांनी जिवंत ढकलले असेच सांग, आकड्यात डळमळलास तर दावा बुडेल. कौतिक हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

साक्षीला सगळी खोली भरली होती. गलबतावरचा मुख्य खलाशी, त्याला सगळे तांडेल म्हणत, तोही मालकाच्या वकिलाशेजारी पाय लांब करून बसला होता. कौतिकने पागोटे सारखे केले आणि बोलायला लागला. गाठोडी उलगडावी तसे त्याने सगळे उलगडले. बैलांच्या पाण्याची निम्मी पिंपे तांडेलाने बंदरातच उतरवली आणि त्या जागी कापडाचे चोरटे गठ्ठे भरले. भर समुद्रात पाणी आटले. खलाशांना स्वतःच्या घशाची चिंता पडली. कौतिक तापाने फणफणत खाली पडला होता. एका सकाळी वर फळी निखळल्याचा आणि खुरांच्या धडपडीचा आवाज आला. तो दोरखंडाला धरून सरपटत वर गेला, तर कठड्याची फळी काढलेली आणि खलाशी बैलांना बांबूने रेटत होते. आकाश निरभ्र होते. वारा पदर हलवण्याइतकाही नव्हता.

शेठच्या वकिलाने हळूच विचारले, "असे चौदा बैल टाकले ना?"

शेठ समोरच बसला होता; त्याच्याकडे त्याने पाहिले नाही.

"नही साहेब, नऊ. पाच बैल त्येन्या आधी फऱ्या रोगमा मरनात. त्यासले मी मना हाते पाणीमा सोडं. ते पाप या लोकसना माथे कसं घालू?"

शेठचा चेहरा काळवंडला. मालकाचा वकील मात्र हसतच उठला. अंगात ताप होता म्हणतोस, मग भ्रम झाला नसेल कशावरून? मेलेले बैल टाकले की जिवंत, तुला काय कळले?

कौतिकने एकेक बैल नावानिशी सांगितला. आधी ढवळ्या, उजवे शिंग खचलेले. मग मोऱ्या, मग पांढऱ्या पायांचा रतन. लिहिणाऱ्याचा टाक मागे पडला, तसा कौतिक थांबून थांबून सांगू लागला. शेवटचा कोसा. त्याचे नाव घेतानाही मान खाली गेली नाही.

"कोसा गलबतना मांगे पवत व्हता. मी हाक दिधी, त्येनी कान टवकाराई दिधा. मरेल बैल पवत नही, साहेब."

तांडेलाने पाय आखडून घेतले. मालकाच्या वकिलाने पुढचा प्रश्न विचारायला कागद चाळले आणि ते तसेच ठेवून तो खाली बसला.

परतताना शेठने त्याला टांग्यात घेतले नाही. घरी आल्यावर कौतिकने धुरपदाबाईला सगळे सांगितले. आता शेठची दावण सुटली, हेही सांगितले. तिने त्याच्यापुढे भाकरी वाढली. खरे बोलून उपाशी राहायची वेळ आली तर दोघे मिळून राहू, म्हणाली.

निकाल पावसाळा संपता संपता लागला. नऊ बैलांची भरपाई मालकाने द्यायची. तांडेलाला मालकाने गलबतावरून कायमचे काढले. शेठ टांगा करून स्वतः कौतिकच्या खेड्यात आला. ओट्यावर बसून त्याने निकालातला मजकूर मराठीत सांगितला: जो साक्षीदार आपल्याच बाजूचे नुकसान होईल असे खरे बोलला, त्याच्या बाकीच्या शब्दांवर शंका घ्यायला जागा नाही.

"कौतिकभाऊ," शेठ म्हणाला, आजवर तो त्याला नुसता कौतिक म्हणत असे, "तू चौदा म्हणाला असतास तर एकाचीही भरपाई मिळाली नसती."

कौतिकने तो हिशेब केलाच नव्हता. एकाचीही मिळाली नसती तरी आपण नऊच म्हटले असते, हे त्याला ठाऊक होते. त्याने शेठला पाणी दिले आणि निमाडातून नवे बैल कधी आणायचे आहेत, ते विचारले.