भिंगरीच्या जागेवर

खरं सांगा, आपल्या घरात, आपल्या ऑफिसात असं होत नाही का? कालची पोर पुढे जाते, आपण तोंडाने "वा, वा!" म्हणतो आणि आतल्या आत जळत राहतो. ताईचं तेच झालं होतं.

ताई रग्बीची व्यावसायिक खेळाडू. सात-सात जणींचा तो झटपट खेळ, चहा निवेपर्यंत सामना आटोपतो. कितीतरी वर्षं संघात तिची जागा पक्की होती. मग भिंगरी आली. तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. चेंडू घेऊन अशी गर्रकन वळायची की अडवायला आलेली हवेतच हात मारत राहायची. यंदा भिंगरी मैदानात आणि ताई बाकावर! मोसमाबरोबर करारही संपणार होता, आणि बाकावर बसणारीला नवा करार कोण देतो?

"एवढं काय सोनं लागलंय त्या कार्टीला?" घरी आली की ताईचं हेच पुराण सुरू व्हायचं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात भिंगरीला टक्कर बसली. डोकं दणकन जमिनीवर आपटलं, पण ती लगेच उठली. डॉक्टरांना न बोलावता जी उठेल तिला टाळ्या द्यायच्या, अशी या संघाची रीतच होती. "वाघीण आहेस गं!" सगळ्या ओरडल्या. मग वाघीण चेंडू घेऊन उलट्या दिशेला धावत सुटली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

कपडे बदलताना तिने ताईला विचारलं, "उद्या पहिला सामना कुणाशी गं?" ताईने सांगितलं. बुटाची नाडी सोडेपर्यंत तिने पुन्हा तेच विचारलं. मग हळूच म्हणाली, "कुणाला बोलू नकोस हं. जरा गरगरतंय."

ताईला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या! खेळू दे. चार लोकांत फजिती झाली की कळेल सगळ्यांना माझी किंमत.

संध्याकाळी जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावायचा.

"आणि पुन्हा डोक्याला लागलं तर?" त्याने विचारलं.

"मी काय केलंय? मी आपली गप्प बसलेय."

"चक्कर येणाऱ्या ड्रायव्हरला मी गाडी दिली आणि वर म्हणालो, मी काय केलंय, तर चालेल तुला?"

"अरे, पण सांगितलं तर म्हणतील, जागेसाठी काटा काढला! आणि खोटं कुठे आहे ते? हवीच आहे मला तिची जागा!"

"हवी असू दे की. पण त्यासाठी पोरीचं डोकं फुटायची वाट बघत बसणार आहेस?"

ताईच्या हातातला घास हातातच राहिला. कुठल्या थराला गेले मी! तिची तिलाच लाज वाटली.

सकाळी तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी तपासलं आणि भिंगरीचं खेळणं बंद केलं. झालं! भिंगरी थयथयाट करत आली. "जळकी मेली! माझं चांगलं बघवलं नाही ना तुला?"

बाकीच्या पोरींनी ताईकडे पाठ फिरवली. ताईचा चेहरा लाल झाला.

"हो, जळते मी! तू गर्रकन वळलीस की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखेल, उद्याही दुखेल. पण तू पुन्हा पडलीस आणि उठलीच नाहीस, तर मी कुठे तोंड लपवू?"

भिंगरीचा थयथयाट थांबला. "ताई, काल मला घरचा रस्ता आठवेना गं," ती रडत म्हणाली. "सगळ्या वाघीण म्हणत होत्या, म्हणून कुणाला बोलले नाही."

मग तिच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांच्याच माना खाली गेल्या.

मंडळी, मत्सर कुणाच्या मनात येत नाही? आला म्हणून कुणी वाईट ठरत नाही. पण दुसऱ्याच्या जिवावर बेतलेलं दिसत असताना तो आपलं तोंड बंद करत असेल, तर तेव्हाच तोंड उघडायचं. आणि दुखणं लपवणाऱ्याला टाळ्या देणं आधी बंद करू या. त्या टाळ्यांच्या लोभाने एक पोर घरचा रस्ता विसरूनही गप्प बसली होती.