मी बारा वर्षे सावकाश गायलो

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. थेरगावात साहेबरावांच्या कपाटावर बसून मी बारा वर्षे एकच गाणे चुकीचे शिकवले. गुन्हा माझा होता, शिक्षा मात्र मला झाली नाही.

साहेबराव चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. यंत्राचा पट्टा सैल पडायच्या आत बदलायचा, हा त्यांचा बाणा. रविवारी मात्र ते चर्चच्या गायकमंडळाचे प्रमुख. मला त्यांनी जुन्या बाजारातून आणले, एका कॅसेटसह. तीत युरोपातल्या बरोक काळातले, तीनशे वर्षांपूर्वीचे एक स्तोत्र होते. चाळीस गळे, तुताऱ्या आणि लॅटिन शब्द. अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता.

माझ्याही पोटात रबराचा एक पट्टा आहे. मी आलो तेव्हाच तो सैल झाला होता. पेटीच्या पांढरी दोन पट्टीत गायलेले ते जलद स्तोत्र माझ्या तोंडून एक स्वर खाली, पांढरी एकमध्ये, पाय ओढत बाहेर पडे. पेटीचा स्वर माझ्याशी नेमका जुळला, मग शंका कोण घेणार? मंडळी मला थांबवत, शब्द देवनागरीत लिहून घेत, पुन्हा वाजवत. अंबुबाई तर डोळे मिटून गात. ऐकणारे रुमाल काढत. माझे केवढे कौतुक झाले! साहेबरावांच्या पत्नी सोजरबाई वारल्या, तेव्हा मंडळींनी कबरीपाशी तेच म्हटले.

एकदा त्यांची मुलगी मिनल पिंपळे सौदागरहून आली. तिने तेच स्तोत्र फोनवर शोधून लावले.

"पप्पा, हे तर किती फास्ट आहे! सूरही वरचा आहे."

"फोनवाल्यांना सगळ्याचीच घाई. आपला टेप बरोबर हाय," साहेबराव म्हणाले.

मला बोलता येत नव्हते. पण खरे सांगू? कौतुकही सोडवत नव्हते.

यंदा ईस्टरला चर्चला पन्नास वर्षे झाली. साथीसाठी पुण्याहून रश्मी नावाची ऑर्गनवादक बोलावली. शनिवारी सराव ठरला, पण निम्मी मंडळी शिफ्टला. "बारा वर्षांचं तोंडपाठ हाय, सराव कशाला?" म्हणून साहेबरावांनी तो रद्द केला. उलट मलाच चर्चमध्ये नेले आणि हार घालून टेबलावर बसवले.

रश्मीने समोरच्या स्वरलिपीप्रमाणे सुरुवात केली. पांढरी दोन आणि धावती लय. अंबुबाईंचा आवाज वरच्या स्वरावर फाटला. पुरुष एक ओळ मागे पडले. पाहुण्यांत खसखस पिकली. रश्मीने हात थांबवले.

"काका, हे आनंदाचं स्तोत्र आहे. 'हर्ष करा, हर्ष करा' असे शब्द आहेत. तुम्ही मयतीला गाल्यासारखं का गाताय?"

"आमी मयतीलाच म्हणतो, बाई," साहेबराव कसेबसे म्हणाले. "माझ्या बायकोच्या मातीला म्हटलं."

मग कोणी हसले नाही. पण आठवड्याभरात मंडळ रश्मीच्या हाती गेले, आणि साहेबरावांना 'तुम्हीही राहा' असे कोणी म्हटले नाही. मला लाज वाटली. अजूनही वाटते.

पुढच्या रविवारी ते चर्चला गेले नाहीत. त्यांनी माझे चार स्क्रू काढले. पट्टा त्यांच्या बोटावर लोंबत राहिला. नवा बसवायला दहा मिनिटे लागली. बारा वर्षांत तेवढी मिळाली नव्हती. बटण दाबताच मी पहिल्यांदा खरे गायलो. उंच, चपळ, हसरे. साहेबराव उभ्यानेच ऐकत होते.

मित्रांनो, वस्तू पुसली, तिला हार घातला, की तिची काळजी घेतली असे होत नाही. तिला उघडून पाहावे लागते. आणि जिचे ऐकून तुम्ही दुसऱ्यांना शिकवता, तिला तर सगळ्यांत आधी.

स्तोत्र संपले. साहेबरावांनी माझी पिन उपटली.

"आता खरं बोलतोस व्हय?" ते म्हणाले. "आता ऐकायला सोजर कुठं हाय?"