हातभर सुऱ्याची व्याहीभेट

बाळापूरच्या बाजूला काळं रान कसणाऱ्या सूर्यभानाच्या कमरेला जाणतेपणापासून एकच चाकू होता. पातं चार बोटांचं, मूठ म्हशीच्या शिंगाची, म्यान फाटक्या जोड्याच्या चामड्याचं. बाप गेला तेव्हा त्याच्या करगोट्याचा सोडून सूर्यभानानं तो आपल्या करगोट्याला बांधला, आणि तेव्हापासून कापसाच्या बोऱ्याची सुतळी तोडायला, बैलाच्या खुरातला काटा काढायला, बांधावर बसून वाळकाच्या फोडी करायला तोच. बसा, वाका, झोपा, चाकू कमरेला आहे हे त्याच्या ध्यानातही नसायचं. खरं तर रोजच्या चाकूचं याहून मोठं कौतुक ते काय असणार? पण ज्याची आठवण राहत नाही त्याचं कौतुक कोण करतो!

मग कापसाला भाव आला. तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि त्यामुळे इकडे वऱ्हाडातल्या माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटू लागलं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. कुणी छत्री घेतली आणि ती डोक्यावर धरायला गडी ठेवला. आणि सुरे तर सगळ्यांनीच घेतले. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचे, अकोल्याच्या वाटेवर चोर फार झालेत. चोर कुणाला भेटल्याचं ऐकिवात नव्हतं. सुरा मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोज दिसत होता.

त्याच हंगामात शकुनचं लग्न ठरलं. सूर्यभानाची ही एकुलती एक लेक. तिची आधीची एक सोयरीक मानपानावरून मोडली होती, तेव्हापासून लोक तिचं नाव काढताना आवाज खाली करायचे. त्यामुळे नांदगाव खंडेश्वरच्या रामरावांनी आपल्या मुलासाठी होकार कळवला तेव्हा सूर्यभान देवापुढे जाऊन अक्षरशः रडला होता. हेही जुळलेलं मोडलं तर पोरगी जन्माची घरात बसेल, ही धास्ती त्याच्या पोटातून हलत नव्हती.

साखरपुडा अकोल्यात झाला. रामराव आले ते कमरेला वीतभर सुरा लावून. पानसुपारी झाल्यावर त्यांनी होणाऱ्या व्याह्याच्या, सूर्यभानाच्या कमरेकडे नजर टाकली आणि साऱ्या बैठकीत विचारलं, "इवाई, हे काय दातकोरनं बांधलं तुमी?"

बैठक खो खो हसली. सूर्यभानही हसला, पण ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले.

परतल्यावर तो थेट नत्थुजी लोहाराकडे गेला. नत्थुजीनं एकेकाळी तालुकाभर विळे-खुरपी पुरवली होती. आता खुरपं मागायला कुणी आलं तर तो त्याच्याकडे दयेनं बघायचा.

"नत्थुजी, मले रोज कमरेले लावाले एक सुरा पायजे. केवढा घेऊ? सुतळी तोडाची, वाळूक कापाचं..."

"काय कापाचं हाये थे नोका सांगू," नत्थुजी भाता ओढत म्हणाला. "दाखवाचा कोनाले हाये, थे सांगा."

"इवायाले."

"इवायाचा केवढा हाये?"

"वीतभर."

"मंग तुमाले हातभर लागन."

कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माप घेतलं गेलं, आणि सुऱ्याची निवड इतक्या शास्त्रशुद्ध रीतीनं पार पडली.

सुरा घरी आला, त्याला कमरेला बांधायची हिरवी रेशमी दोरी आणि गोंडे लागले. बापाचा चाकू सूर्यभानानं ओट्यावर भिरकावला. त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, तो उचलून आपल्या कमरेला खोचला आणि नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लग्न पोरीचं हाये का तुमचं? नवरदेवावानी कट्यार घेऊन काहून हिंडून राहिले? टोकाले लिंबू तेवढा लावाचा राह्यला!"

"तुले नाई समजत," सूर्यभान म्हणाला. नवऱ्यापाशी उत्तर नसलं की तो हेच म्हणतो.

पण समजण्यासारखं पुष्कळ होतं. सुरा लावून मांडी घालता येईना, म्हणून सूर्यभान एका अंगावर लवंडून जेवू लागला. गाडीवर बसला की मूठ बरगडीत शिरायची. विहिरीत वाकला की म्यान मागून उंच व्हायचं आणि पाणी भरणाऱ्या बाया पदराआड हसायच्या. बांधावर बसून त्यानं वाळूक कापायला घेतलं तर फोड बाजूलाच राहिली आणि अंगठा चिरला. सुतळी तोडायची झाली की तो गुपचूप मैनाबाईकडे हात पसरायचा, ती कमरेचा चाकू काढून द्यायची आणि काम होताच परत घ्यायची. अंगठ्याला चिंधी बांधून हा गडी गावात ऐटीत फिरत होता, आणि लोक, देवाशपथ, त्याला रामराम करत होते.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. संध्याकाळी पाहुण्यांच्या गाड्या वेशीवरच्या मारुतीपाशी थांबल्या. नवरदेव घोड्यावर, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. आता इथं व्याहीभेट व्हायची: दोन्ही बापांनी छातीला छाती लावून एकमेकांना कवळायचं, एकमेकांच्या कपाळी बुक्का लावायचा. त्याशिवाय नवरदेव पुढे सरकत नाही, मग मुहूर्त टळो की आभाळ कोसळो.

रामराव गाडीतून उतरले, आणि सूर्यभानाचा चेहरा पडला. सुरा हातभर आणि वर चार बोटं. लाल दोरी, लाल गोंडे. नांदगावातही लोहार होताच की!

दोघांनी हात पसरले, पुढे झाले, आणि पोटापाशी खट् आवाज झाला. दोन्ही मुठी एकमेकींवर आदळल्या. छात्यांमध्ये हातभर अंतर. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खट्.

"सुरे काढून ठेवा नं बावा," कुणीतरी शहाणा बोलला.

"काढतो नं," रामराव म्हणाले. "आधी इवायानं काढावा. आमी मुलाकडचे."

"गाव माहं हाये," सूर्यभानाच्या तोंडून निघून गेलं. "पाव्हन्यानं आधी काढावा."

वाजंत्री थांबली. मांडवातून निरोप आला, गुरुजी म्हणतात घटिका भरत आली. सूर्यभानाला घाम फुटला. मांडवात हळदीच्या अंगानं शकुन बसली होती, आणि मागची सोयरीक अशीच, कुणी आधी पान घ्यायचं यावरून मोडली होती. हे सगळं त्याला दिसत होतं, कळत होतं, स्वतःची लाजही वाटत होती. नुसती एक दोरी सोडायची होती. पण सारं गाव बघत होतं, आणि हात काही कमरेकडे जाईना. पोटात लेकीची धास्ती आणि पोटावर सुरा, असा तो उभा राहिला.

शेवटी गावातल्या जाणत्यांनी तोड काढली: समोरून जमत नसेल तर कुशीला कुशी लावून भेटा. दोघे तिरपे झाले, तिरपेच एकमेकांवर कलले. सुरे फिरले, गोंडे झुलले, आणि लाल दोरीत हिरवी दोरी अशी काही गुंतली की व्याही एकमेकांना चिकटले. ना भेट, ना सुटका! ओढावं तर रेशमाची गाठ आणखी आवळायची.

"कापा दोरी," लोक ओरडले.

दोघांनी सुरे उपसायला घेतले. पण हातभर पातं बाहेर काढायला कोपर लांब जावं लागतं, आणि जागा तर व्याह्यानं व्यापलेली. सूर्यभानाचं कोपर रामरावांच्या हनुवटीला बसलं. रामरावांची मूठ सूर्यभानाच्या पोटात शिरली. घोडा बुजला, लिंबू खाली पडला. दोन गावांतलं सगळ्यात लांब लोखंड कमरेला, आणि करंगळीएवढी दोरी तुटेना.

औक्षणाचं ताट घेऊन आलेल्या मैनाबाईनं ते ताट बाजूच्या बाईकडे दिलं. पदर नीट केला, कमरेचा चाकू काढला आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या तुमचं दातकोरनं. लवकर आटपा, माही पोरगी बसून हाये."

मुठीवरच्या खोलगट जागी सूर्यभानाचा अंगठा आपसूक जाऊन बसला. बापाच्या अंगठ्यानं ती जागा झिजवली होती. कोपर हलवावं लागलं नाही, नुसतं मनगट फिरलं. दोन्ही दोऱ्या तुटल्या, दोन्ही सुरे एकदमच धुळीत पडले, आणि आधी कुणी काढायचा हा प्रश्न देवानंच मिटवला.

रामराव त्या चाकूकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "माह्या बापाचाबी अस्साच होता. कुठं ठेवला, आठवत नाई." आणि त्यांनी सूर्यभानाला असं घट्ट कवळलं की त्याचा श्वास कोंडला. वाजंत्री वाजली. मुहूर्त साधला.

पाठवणीच्या वेळी गाडीत चढता चढता शकुन बापापाशी थांबली. रडून तिचे डोळे सुजले होते. "बा, थो चाकू मले देता? तिकडं साऱ्यायचे मोठेच सुरे हायेत म्हंते. घरात कापाले काही नसन."

पुन्हा करगोट्याला बांधलेला चाकू सूर्यभानानं सोडला आणि तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायचा होता. खांबांच्या दोऱ्या रात्रीच्या दवानं फुगून घट्ट बसल्या होत्या. सूर्यभानाचा हात सवयीनं कमरेला गेला आणि नुसताच करगोटा चाचपून परत आला. हातभर सुरा घरात खुंटीला लटकत होता. तो खाली बसला, दोरीच्या गाठीला दात लावले, आणि गाठ ओढता ओढता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मैनाबाई दारातून बघत होती. तिचेही डोळे भरले होते. "काहून रडून राहिले? पोरीसाठी, का चाकूसाठी?"

"दोघायसाठी," तो म्हणाला, आणि पुन्हा गाठीला दात लावले.